पटावर कोण आहे, ते आधी सांगा!

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर या राज्यात रोज खटला भरतो आणि रोज तिला दोषी ठरवले जाते. आरोपपत्र सर्वांना तोंडपाठ आहे. पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी जमत नाही, पट घसरला, खर्च परवडत नाही. निकाल सुनावला जातो, शाळेला कुलूप लागते आणि त्या वाडीतल्या सहा-सात वर्षांच्या लेकरांना पुढच्या गावाचा रस्ता दाखवला जातो. या सगळ्या कामकाजात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: त्या शाळेच्या हजेरीपटावर नावे कोणाची आहेत? कोणाची मुले तिथे बसतात, सकाळी काय खाऊन येतात, वर्षातले किती महिने गावात असतात, घरी कोणती भाषा बोलतात? हा प्रश्न टाळून शाळेचा निकाल लावणारा माणूस मंत्री असो, सचिव असो की शहरात बसून हळहळणारा सुशिक्षित असो, तो त्या मुलांशी बेइमानी करतो आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आकडे आम्ही लपवणार नाही. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये, कोरोनाच्या बंद शाळांनंतर, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर गेले होते. त्यामानाने सुधारणा झाली. पण पाचवीच्या वर्गातही वाचू शकणारी मुले ४४.८ टक्केच निघाली. म्हणजे पाच वर्षे शाळेत घालवून निम्म्याहून अधिक लेकरे दुसरीच्या पानापाशी अडखळतात. हे लाजिरवाणे आहे. ज्याला याची लाज वाटत नाही त्याने शिक्षणावर बोलूच नये. प्रश्न एवढाच आहे की लाज कोणाला वाटली पाहिजे.

खासगी शाळांचे आकडे याहून बरे दिसतात आणि तेवढ्यावर सारा समाज निष्कर्ष काढून मोकळा होतो: सरकारी शाळा वाईट, खासगी चांगली. आता हे गणित नीट मांडू. समजा, एका गावाच्या शाळेत चौथीला वीस मुले आहेत आणि त्यांतली बारा नीट वाचतात. साठ टक्के. पुढच्या जूनमध्ये तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येऊ लागते. ज्यांच्याकडे बागायत आहे, नोकरी आहे, दुकान आहे, ती आठ घरे आपली मुले त्या गाडीत बसवतात. ही आठही मुले वाचणारी आहेत, कारण त्यांच्या घरात पुस्तक आहे, आई शिकलेली आहे, संध्याकाळी अभ्यासाला बसवणारे कोणी आहे. वर्गात उरली बारा, त्यांतली वाचणारी चार. साठ टक्क्यांची शाळा एका उन्हाळ्याच्या सुटीत तेहतीस टक्क्यांवर आली. गुरुजी तेच, फळा तोच. एकही मूल एक अक्षरसुद्धा विसरलेले नाही. तरी कागदावर शाळा नापास झाली आणि पिवळ्या गाडीच्या मालकाला जाहिरात फुकट मिळाली. ती जाहिरात वाचून पुढच्या वर्षी आणखी चार घरे जातात, पट आणखी घसरतो आणि मग शिक्षण खात्याचा कागद येतो: पटसंख्या कमी, समायोजन करा.

लहान पटाच्या शाळेत तर टक्केवारी हेच एक फसवे माप आहे. वर्गात चार मुले असतील तर एक मूल म्हणजे पंचवीस टक्के. एक पोरगी आजारी पडली, एक पोरगा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, की शाळेची ‘गुणवत्ता’ निम्म्यावर. अशा आकड्यांवर शाळांच्या प्रतवाऱ्या लावणाऱ्या अधिकाऱ्यांना प्राथमिक गणित कोणत्या शाळेत शिकवले गेले, याचीही एकदा चौकशी व्हावी.

हे आमचे मनचे मांडे नाहीत. अविभाजित आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांमधून सोडत काढून काहींना खासगी शाळेची फी भरून दिली. बाकीची मुले आहेत तिथेच राहिली. निवड चिठ्ठीने झाल्यामुळे दोन्हीकडची मुले सारख्याच घरांतली होती. चार वर्षांनी तपासले तेव्हा तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक सापडला नाही. खासगी शाळेतल्या मुलांना हिंदी अधिक येत होते, कारण तिथे हिंदीला तास दिले जात होते. एवढाच काय तो फरक. घर सारखे असले की शाळांमधली ती मोठी दरी जवळपास बुजते, हे त्या प्रयोगाने दाखवले. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्टही आम्ही सांगू, कारण अर्धे सत्य सांगणे आम्हाला मान्य नाही: त्या खासगी शाळा तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकांवर चालत होत्या आणि त्यांचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. तेव्हा पूर्ण पगाराच्या सरकारी शिक्षकाने एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्याकडून बरोबरीची नव्हे, कितीतरी अधिकाची अपेक्षा आहे. त्याच्याकडे आम्ही पुढे वळतोच.

आधी पाहू, शाळेत उरले कोण. बीडमध्ये दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली घरे बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. ती परततात मार्च-एप्रिलला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्या कोयत्याचे पोर फडाच्या कडेला कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते. ज्या सहा महिन्यांत इतर मुले गुणाकार शिकतात त्या सहा महिन्यांत हे पोर वाढे गोळा करते. हंगामी वसतिगृहे कागदावर आहेत. ती वेळेवर सुरू झाली तर मूल आजीजवळ गावात राहते, उशिरा सुरू झाली तर गाडी केव्हाच निघून गेलेली असते. रायगड-पालघरचा कातकरी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातो आणि मुलांना बरोबर नेतो. नंदुरबारच्या डोंगरात पावरी आणि भिली बोलणारे मूल, मेळघाटात कोरकू बोलणारे, भामरागडात माडिया बोलणारे, तांड्यावर गोरमाटी बोलणारे, शाळेच्या पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी परक्या भाषेसारखी ऐकते. आपल्या पोराला इंग्रजी बालवाडीत घातल्यावर ते रडले म्हणून शिकवणी लावणाऱ्यांना हे समजायला हरकत नाही. मुंबई महानगरपालिका आठ भाषांतून शाळा चालवते. त्यांत आज झोपडपट्टीतल्या कष्टकऱ्यांची, घरकाम करणाऱ्या बायकांची, उत्तरेतून आलेल्या मजुरांची मुले आहेत. मध्यमवर्ग तिथून केव्हाच निघून गेला.

आणि या सगळ्या घरांमध्ये आणखी एक वाटणी आहे, जिच्याबद्दल बोलताना पुरोगामी महाराष्ट्राची जीभ अडखळते. देशभराच्या पाहण्या सांगतात की सरकारी शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षा जास्त आहे. एकाच छपराखाली भाऊ टाय लावून पिवळ्या गाडीत चढतो आणि बहीण पाण्याचा हंडा ठेवून झेडपीच्या शाळेत जाते. फीचे पैसे एकापुरते आहेत, आणि ते कोणासाठी, हे विचारावे लागत नाही. सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणे ठोकणाऱ्या या राज्यात सरकारी शाळा बंद करणे म्हणजे आधी मुलीची शाळा बंद करणे होय. पुढचे गाव लांब पडले तर पोराला सायकल मिळते, पोरगी घरी बसते.

शाळेचे आकडे जात-वर्गाच्या अंगाने वाचायला कोणी आज शिकवायला नको होते. ते काम १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारच्याच अहवालातला हिशेब सरकारपुढे टाकला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात आणि ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. त्याहून जळजळीत होता दुसरा तक्ता. हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत जाणारी मुले पुढारलेल्या हिंदूंमध्ये ११९, मुसलमानांमध्ये ९२, मधल्या जातींमध्ये ३८ आणि मागासवर्गात फक्त १८. बाबासाहेबांनी हा तक्ता मागासांची पोरे मंद असतात हे दाखवायला मांडला नव्हता. जिथे आकडा सर्वात खाली आहे तिथे पैसा सर्वात जास्त गेला पाहिजे, ही त्यांची मागणी होती. आकडा हा हक्काचा दाखला होता. आज तोच आकडा शाळेच्या मृत्यूचा दाखला म्हणून वापरला जातो आहे. शंभर वर्षांत आम्ही एवढे पुढे आलो!

त्याआधी ४५ वर्षे, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता: महसूल रयतेच्या घामाचा, मग शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का? बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात आणले, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडले गेले. देशी संस्थानिकांनी मात्र वाट पाहिली नाही. सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ मध्येच सक्ती सुरू केली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत शिक्षण जाहीर केले. आणि दोनच वर्षांनी त्यांनी जे केले ते आजच्या मंत्रिमंडळाने भिंतीवर लिहून ठेवावे. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला आणि सर्व जातींच्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याची आज्ञा दिली. शाहूंनीही शाळा बंद केल्या होत्या. त्यांनी वेगळ्या शाळा बंद केल्या, मुले एकत्र यावीत म्हणून. आम्ही सगळ्यांची शाळा बंद करतो, म्हणजे मुले वेगळी व्हावीत. त्यांच्या नावाने योजना काढणाऱ्यांनी या दोन हुकुमांतला फरक एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

कारण आमच्या शाळा आज पुन्हा वेगळ्या झाल्या आहेत. दारावर जातीची पाटी नाही, फीची पावती आहे. काम तेच करते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने हाच धोका ओळखला होता. गरिबांसाठी वाईट शाळा आणि श्रीमंतांसाठी निवडक शाळा अशी फाळणी झाली तर शिक्षणच विषमता वाढवील, म्हणून परिसरातल्या सर्व मुलांची एकच समान शाळा हवी, असे त्याने बजावले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरच्या मातीतले. साठ वर्षे होत आली. अहवाल ग्रंथालयात आणि फाळणी पूर्ण.

आता सरकारचा हिशेब मांडू. २०१७ मध्ये दहाच्या आत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळांचे ‘समूह शाळां’त रूपांतर करण्याचा घाट घातला गेला. त्याच वर्षी कंपन्यांना शाळा दत्तक देण्याचा शासननिर्णय निघाला. जणू ही मुले अनाथ आहेत आणि त्यांचा बाप म्हणवणारे सरकार त्यांना कोणाच्या तरी दारात ठेवून येणार आहे. ५ सप्टेंबर २०२४, म्हणजे ऐन शिक्षकदिनी, लहान शाळांत कायम शिक्षकाच्या जागी महिना पंधरा हजारांवर कंत्राटी वा निवृत्त शिक्षक नेमण्याचा निर्णय काढला. शिक्षकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिले आहे: साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक. दोन म्हणजे दोन. पहिली ते चौथीच्या चार वर्गांना एकच गुरुजी असला तर प्रत्येक वर्गाच्या वाट्याला त्याच्या वेळेचा चौथा हिस्सा येतो, आणि तो मतदारयादीच्या कामावर किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की तेवढाही येत नाही. असा पाव वाटा शिकवलेल्या मुलांची परीक्षा पूर्ण मापाने घेऊन त्यांना नापास ठरवणे हा अन्याय आहे. त्याला दुसरे नाव नाही.

कायद्यातला एक दरवाजा गरिबांसाठी उघडा होता, तोही लावून घेण्याचा प्रयत्न झाला. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना देण्याची तरतूद २००९ च्या कायद्यात आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने ठरवले की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. म्हणजे गरिबाच्या मुलाला सांगायचे, तुझी शाळा तिकडे. आणि तिकडची शाळा पट कमी म्हणून बंद करायची. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही अधिसूचना रद्द केली. न्यायालयाने सरकारला कायदा शिकवला हे ठीक. पण लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला अशी अधिसूचना काढावीशी वाटते, याची चीड लोकांना का येत नाही?

आणि अंडे! या एका गोष्टीपाशी आम्हाला थांबावेच लागते. पोषण आहारात आठवड्याला एक अंडे २०२३ च्या अखेरीस सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी बंद करण्यात आला. रक्कम होती वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ५० कोटी कुठे सांडले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. रिकाम्या पोटाचे मूल सकाळी अकरा वाजता फळ्याकडे पाहते तेव्हा त्याला अक्षर दिसत नाही, खिचडीचा वास येतो. ज्याला हे माहीत नाही त्याने कधी शाळेच्या ओसरीवर बसून पाहिलेले नाही. अंडे काढून घ्यायचे आणि मग ‘असर’चा अहवाल हातात धरून शिक्षकाला विचारायचे, वाचन का येत नाही! २०२४ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ काढला; कित्येक शाळांत तो महिनोन् महिने पोहोचला नाही, पोहोचला तो मापाचा नव्हता, शेवटी योजनाच गुंडाळली. पहिलीपासून हिंदीचा वाद २०२५ च्या एप्रिलमध्ये पेटवला आणि २९ जूनला त्याबद्दलचे दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत मराठीसाठी छाती बडवणारे शेकडो लोक आम्ही पाहिले. मराठी शाळेत शिक्षक नाही म्हणून त्यांच्यातल्या किती जणांनी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या दारात ठाण मांडले? भाषेचा अभिमान असेल तर तो पहिलीच्या वर्गात दाखवा. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तिच्या शाळेला शिक्षक मिळाला नाही, ही आजची वस्तुस्थिती आहे.

आता गुरुजी आणि बाईंकडे. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा डोंगर आहे, हे आम्ही मान्य करतो. भरती २०१२ पासून वर्षानुवर्षे गोठली होती, हे मान्य. रोज नवे अ‍ॅप, रोज नवी माहिती, खिचडीचा फोटो, झाडाचा फोटो, स्वच्छतेचा फोटो, हे सारे मान्य. पण शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना जे वाक्य बोलले जाते ते आम्हाला मुळीच मान्य नाही: ‘ही पोरं अशीच. घरीच काही नाही, आपण काय करणार?’ मुलाची जात, त्याच्या बापाची दारू, त्याच्या आईची निरक्षरता यांची ढाल करून जो शिक्षक आपले न शिकवणे झाकतो, तो आणि पट मोजून शाळा बंद करणारा अधिकारी एकाच माळेचे मणी आहेत. एक म्हणतो, निकाल खराब म्हणून शाळा नको. दुसरा म्हणतो, मुले खराब म्हणून निकाल नको. दोघांच्या मध्ये मूल चिरडले जाते. घरी काही नाही म्हणूनच तर शाळा हवी! ज्याच्या घरात सगळे आहे त्याला शाळा नसती तरी चालले असते. पारध्याच्या पोराला पाच वर्षांत वाचता आले नाही तर तो त्या पोराच्या जातीचा गुण ठरत नाही. पाच वर्षे पगार घेणाऱ्याने त्याचे उत्तर द्यायचे आहे. शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवावे लागले. पैसे मोजून पात्र ठरलेला माणूस ज्या वर्गात उभा राहील तो वर्ग कोणत्या मुलांचा असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि हेच राज्य याच्या उलटही दाखवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून हात झटकले नाहीत. गुरे चारायला जाणारी मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि कुरणशाळा उभी राहिली. मूल जसे आहे, जिथे आहे, तिथून सुरुवात करणे यालाच शिकवणे म्हणतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या पटावरून उठली आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेच्या अंतिम यादीत गेली. पट कमी म्हणून तिला आधीच कुलूप लावले असते तर? मुंबई महानगरपालिकेने केंद्रीय मंडळाची शाळा सुरू केली तेव्हा जागा अपुऱ्या पडल्या आणि सोडत काढावी लागली. पालकांना सरकारी शाळा नको असते, हे तुणतुणे त्या दिवशी तुटायला हवे होते. पालकांना टाकून दिलेली शाळा नको असते. पण हिऱ्यासारखे चार शिक्षक दाखवून सरकारने टाळ्या घेऊ नयेत. साठ हजार शाळा पुरस्कारांवर चालत नाहीत. त्या वेळेवर भरलेल्या जागांवर, पहिल्या दिवशी हातात पडलेल्या पुस्तकांवर आणि दर आठवड्याला वर्गात येऊन बसणाऱ्या केंद्रप्रमुखावर चालतात.

म्हणून आमच्या मागण्या. यापुढे कोणत्याही शाळेचा निकाल तिच्या पटाच्या ओळखीशिवाय जाहीर होऊ नये. सरकारकडे ही माहिती आहे. प्रत्येक मुलाची जात, लिंग, अपंगत्व दरवर्षी शाळेकडून लिहून घेतले जाते. ते शिष्यवृत्तीच्या आणि अनुदानाच्या रकान्यांत पडून राहते, गुणवत्तेच्या अहवालाशी त्याची गाठ घातली जात नाही. ती घाला. मुलांची नावे चव्हाट्यावर न आणता, शाळांच्या केंद्राच्या पातळीवर सांगा: किती मुलांच्या आया शाळेत गेलेल्या आहेत, किती मुले स्थलांतरात गेली, किती जणांच्या घरची भाषा वेगळी आहे, शिक्षकाची जागा किती महिने रिकामी होती. मूल पहिलीत आले तेव्हा कुठे होते आणि वर्षाअखेरीस कुठे पोहोचले, हे मोजा; शून्यावरून वाक्यापर्यंत आणणारी शाळा ही परिच्छेदापासून परिच्छेदापर्यंत नेणाऱ्या शाळेपेक्षा थोर आहे, आणि आजच्या मापात ती नापास आहे. जिथे हा तक्ता सर्वात काळा दिसेल तिथे सर्वात अनुभवी शिक्षक पाठवा. आज बदल्यांच्या हंगामात नेमके उलटे घडते: दुर्गम भागात नवखा किंवा कोणीच नाही, आणि तालुक्याच्या गावी वशिल्याची रांग. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय एकाही शाळेला हात लावू नका. आणि तोडीची गाडी हलण्याआधी हंगामी वसतिगृहाची चूल पेटलेली असली पाहिजे. नोव्हेंबरात मंजुरी आणि जानेवारीत निधी हा खेळ पोरांच्या आयुष्याशी चालला आहे.

एक मागणी अशी आहे की ती ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला आदेश दिला होता की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची, लोकप्रतिनिधींची आणि न्यायाधीशांचीही मुले सरकारी प्राथमिक शाळेत गेली पाहिजेत. तो आदेश कधी अमलात आला नाही. तो का आला नाही हे त्या आदेशात ज्यांचा उल्लेख होता त्यांनाच ठाऊक. आम्ही महाराष्ट्रात सक्तीही मागत नाही. आम्ही उघडपणा मागतो. जिल्हा परिषदेच्या सदस्यापासून आमदारापर्यंत, गटशिक्षणाधिकाऱ्यापासून शिक्षण सचिवापर्यंत आणि पहिलीच्या वर्गशिक्षकापर्यंत प्रत्येकाने दरवर्षी जाहीर करावे की आपली मुले कोणत्या प्रकारच्या शाळेत शिकतात. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवार सोन्याचे तोळे लिहितो. त्याच्याखाली ही एक ओळ वाढवायला किती शाई लागेल? ज्या शाळेचे भवितव्य आपण ठरवतो त्या शाळेत आपले मूल नाही, हे लिहिताना ज्याचा हात थांबेल त्याला आमचा प्रश्न समजला असे आम्ही धरू.

पण या उघडपणासाठी कायदा लागेल, त्याला वेळ जाईल, चर्चा होतील, समित्या बसतील. अंड्याला समिती लागत नाही. जो शासननिर्णय जानेवारी २०२५ मध्ये एका सहीने निघाला तो एका सहीने मागे घेता येतो. मुख्यमंत्री आणि शालेय शिक्षण मंत्री यांनी सरकारी शाळेच्या गुणवत्तेवर पुढचे भाषण करण्याआधी ती सही करावी, पन्नास कोटी परत द्यावेत, आणि पैसे शाळेच्या खात्यात जमा झाल्याची तारीख विधिमंडळाच्या पटलावर ठेवावी. ती तारीख आम्ही याच जागी छापू.